नळीतून जाणारे पथ्य : तीव्र मूत्रपिंडघाताचा रुग्ण आणि वैद्याचे कर्तव्य

भंडारा जिल्हा हा धानाचा आणि तलावांचा जिल्हा. मृगाच्या सरी पडल्या की पऱ्हे टाकले जातात आणि पुढे रोवणीच्या दिवसांत भंडारा, मोहाडी, तुमसर, पवनी, साकोली, लाखनी व लाखांदूर या सातही तालुक्यांतील स्त्रीपुरुष दिवसचे दिवस बांधीतल्या चिखलात उभे असतात. याच काळात आपल्या चिकित्सालयांत तापाचे, जुलाब-वांत्यांचे आणि सर्पदंशाचे रुग्ण येतात. त्यांपैकी काहींची लघवी एकाएकी कमी होते, अंगावर सूज येते, उमासे सुरू होतात, आणि रुग्णाला जिल्हा रुग्णालयात किंवा तेथून सुमारे साठ किलोमीटरवरील नागपूरला हलवावे लागते.

तेथे अतिदक्षता विभागात रुग्णाच्या नाकातून जठरापर्यंत एक बारीक नळी घातली जाते आणि तिच्यातून अन्न दिले जाते. बाहेर बाकावर बसलेल्या नातेवाइकांना या नळीचे भय वाटते आणि आशाही वाटते. आपल्या माणसासाठी आपण काही करू शकतो ते या नळीवाटेच, असे त्यांना वाटू लागते. मग गावाकडच्या वैद्याला दूरध्वनी येतो : नारळपाणी देऊ का? पुनर्नव्याचा काढा देऊ का? लघवी मोकळी होण्याचे काही चूर्ण पाठवता का?

या प्रश्नाला वैद्य जे उत्तर देईल त्यावर काही तासांत रुग्णाचे बरेवाईट ठरू शकते. म्हणून नलिकापोषणाचा विषय रुग्णालयातील आहारतज्ज्ञांपुरता आहे असे समजून आपण तो बाजूस सारू शकत नाही. नळीवाटे काय जाते, का जाते आणि किती जाते हे प्रत्येक वैद्यास व औषधालय चालकास ठाऊक असले पाहिजे, या हेतूने आम्ही हा लेख सादर करीत आहोत.

मूत्र अडणे आणि मूत्र न बनणे

ज्या अवस्थेला पूर्वी अ‍ॅक्यूट रीनल फेल्युअर म्हणत आणि आता अ‍ॅक्यूट किडनी इन्ज्युरी म्हणतात, तिला आम्ही येथे तीव्र मूत्रपिंडघात असे म्हणत आहोत. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या केडिगो या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्तातील क्रिअ‍ॅटिनिन ४८ तासांत ०.३ मिलिग्रॅम किंवा अधिक वाढणे, सात दिवसांत मूळच्या दीडपट होणे, अथवा सलग सहा तास मूत्राचे प्रमाण दर किलो वजनामागे ताशी अर्ध्या मिलिलिटरहून कमी राहणे, यांपैकी एक गोष्ट आढळली तरी हे निदान करता येते.

आपल्या भागात याची कारणे ओळखीची आहेत. उलट्या-जुलाबांनी शरीरातील द्रव आटणे हे त्यांत अगदी नित्याचे. चिखलातून होणारा लेप्टोस्पायरोसिस आणि फाल्सिपेरम जातीचा हिवताप ही आणखी दोन. चिगर माइट या सूक्ष्म कीटकाच्या चाव्याने होणारा स्क्रब टायफस २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर विभागात साथीच्या रूपाने आला होता, हे वाचकांच्या स्मरणात असेल. घोणस, जिला काही गावांत परड म्हणतात, तिचा दंश मूत्रपिंडांना विशेष घातक असतो. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लक्ष मृत्यू झाल्याचा अभ्यासकांचा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. जे वाचतात त्यांपैकी अनेकांना डायलिसिसच्या दारातून जावे लागते.

सुश्रुताने उत्तरतंत्रात मूत्राघाताचे बारा प्रकार सांगितले, चरकाने सिद्धिस्थानात बस्तिरोगांचे तेरा प्रकार वर्णिले. त्यांतील बहुतेक वर्णने मूत्र तयार होऊन मार्गात अडल्याची, थेंबथेंब होण्याची वा बस्तीत साचण्याची आहेत. तीव्र मूत्रपिंडघातात मात्र बहुधा मूत्रच तयार होत नाही. बस्ती रिकामी असते. अडलेले मूत्र मोकळे करणारी औषधे येथे कामाची नाहीत, कारण मोकळे करण्यासारखे तेथे काही नसते. हा भेद ध्यानात ठेवला म्हणजे पुढील सर्व विवेचन सहज उमगेल.

शून्य प्रथिनांपासून पुरेशा प्रथिनांपर्यंत

मूत्रपिंडाच्या रुग्णाला डाळ, दूध, अंडी बंद, हा सल्ला आपल्याकडे इतका रूढ आहे की रुग्णालयात नळीवाटे प्रथिनयुक्त आहार चालू असल्याचे पाहून नातेवाईक चकित होतात. हा रूढ सल्ला आला कोठून, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

दुसऱ्या महायुद्धात लंडनवरील बॉम्बहल्ल्यांत ढिगाऱ्याखाली चिरडलेल्या माणसांची मूत्रपिंडे काही दिवसांनी बंद पडतात, असे बायवॉटर्स व बील यांनी १९४१ मध्ये नोंदविले. त्या वेळी यावर उपाय नव्हता. मूत्रपिंडे पुन्हा सुरू होईपर्यंत रुग्णाला कसेबसे जगवायचे, एवढेच हाती होते. प्रथिने दिली की युरिया वाढतो आणि काहीच दिले नाही तर शरीर स्वतःचे मांस जाळून युरिया वाढविते. या पेचातून १९४० च्या दशकाच्या अखेरीस अ‍ॅमस्टरडॅम येथे बोर्स्ट यांनी आणि लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात बुल, जोक्स व लो यांनी वाट काढली. बुल व सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कृतीत ४०० ग्रॅम ग्लुकोज आणि १०० ग्रॅम शेंगदाणा तेल बाभळीच्या जातीच्या डिंकात घोटून, पाणी घालून एक लिटर करीत, आणि ते चोवीस तासांत जठरातील नळीवाटे थेंबथेंब सोडीत. त्यातून सुमारे २,५०० कॅलरी मिळत, प्रथिने मात्र शून्य. तीव्र मूत्रपिंडघातातील पद्धतशीर नलिकापोषणाच्या आरंभीच्या प्रयत्नांपैकी हा एक होय.

ही योजना त्या काळाला योग्यच होती. परंतु काळ बदलला. नेदरलँड्समधील कांपेन या गावी विलेम कॉल्फ यांनी १९४३ मध्ये कृत्रिम मूत्रपिंडाचा प्रयोग आरंभिला आणि १९४५ मध्ये त्या यंत्रावर पहिली रुग्ण वाचली. पुढील दशकांत डायलिसिस सर्वत्र पोहोचले. साठलेला युरिया यंत्राने काढता येऊ लागल्यावर उपाशी ठेवण्याचे कारण उरले नाही. उलट असे दिसून आले की ताप, जंतुसंसर्ग व आघात यांनी ग्रासलेला हा रुग्ण दिवसागणिक स्वतःचे स्नायू गमावतो, आणि डायलिसिसच्या प्रत्येक खेपेस सुमारे ६ ते १२ ग्रॅम अ‍ॅमिनो आम्ले यंत्राबरोबर बाहेर जातात. स्नायू गेले की श्वास दुर्बळ होतो, जखमा भरत नाहीत, नवा संसर्ग होतो.

म्हणूनच केडिगोच्या २०१२ च्या तत्त्वांनी स्पष्ट म्हटले की डायलिसिस टाळण्यासाठी वा लांबविण्यासाठी प्रथिने तोडू नयेत. ज्यांना डायलिसिस लागत नाही आणि ज्यांच्या शरीराची झीज फारशी नाही, त्यांना दर किलो वजनामागे ०.८ ते १ ग्रॅम, डायलिसिसवर असलेल्यांना १ ते १.५ ग्रॅम, आणि अखंड चालणाऱ्या डायलिसिसवरील अतिक्षीण रुग्णांना १.७ ग्रॅमपर्यंत प्रथिने सुचविली आहेत. ऊर्जा दर किलोमागे २० ते ३० कॅलरी. युरोपातील एस्पेन या पोषणतज्ज्ञांच्या संस्थेने २०२१ मध्ये दिलेली तत्त्वेही याच दिशेची आहेत.

जीर्ण मूत्रपिंडविकाराच्या, घरी हिंडत्याफिरत्या आणि डायलिसिस सुरू न झालेल्या रुग्णाला मोजकी प्रथिने सांगणे वेगळे. रुग्णालयात खिळलेल्या तीव्र रुग्णाला तोच नियम लावणे वेगळे. दोहोंची गल्लत करून आपण दूरध्वनीवरून नळीतील दूध, अंडे बंद करा म्हणून सांगितले आणि नातेवाइकांनी परिचारिकेची नजर चुकवून ते बंद केले, तर आपण रुग्णाला उपवास घडविला असे होईल.

नळीच का?

पोषण शिरेवाटेही देता येते. तरीही आतडे चालू असेल तर अन्न आतड्यातूनच द्यावे, याविषयी आज एकमत आहे. आतड्यात अन्न गेले नाही तर त्याचे अस्तर क्षीण होते. शिरेवाटे दिलेल्या पोषणाला द्रव अधिक लागतो, खर्च अधिक येतो व जंतुसंसर्गाची भीती वाढते. अग्नीला काम दिले पाहिजे, हा विचार वैद्यवर्गास परका नाही. ज्याला गिळता येत नाही, ज्याची शुद्ध हरपली आहे, जो कृत्रिम श्वसनयंत्रावर आहे, किंवा जो गरजेच्या निम्मेही तोंडाने खाऊ शकत नाही, त्याला नळी घातली जाते. रुग्णालयात तिला राईल्स ट्यूब म्हणतात. इंग्लंडमधील डॉ. राईल यांनी १९२१ मध्ये तिचे वर्णन केले, त्यांचेच नाव तिला मिळाले.

रक्तदाब सावरला नसेल, जठरातून रक्तस्राव होत असेल वा आतड्यात अडथळा असेल तर नलिकापोषण थांबवितात. अन्यथा पहिल्या ४८ तासांत अल्प मात्रेने आरंभ करून तीन ते सात दिवसांत पूर्ण मात्रेस पोहोचणे, ही आजची रीत. बरेच दिवस उपाशी असलेल्या रुग्णाला एकदम पूर्ण आहार दिला तर रक्तातील फॉस्फेट, पोटॅशियम व मॅग्नेशियम झपाट्याने उतरतात आणि हृदयाला धोका पोहोचतो. शोधनानंतर पेया, विलेपी, अकृत व कृत यूष आणि शेवटी मांसरस असा क्रम चरकाने घालून दिला, त्यामागील सावधपणा आणि हा सावधपणा यांत साम्य आहे. दोहोंची कारणमीमांसा एकच आहे असे म्हणण्याचा अतिरेक मात्र आम्ही करणार नाही.

एका रुग्णाचा हिशोब

आता एक कल्पित उदाहरण घेऊ. रुग्णाचे वजन ६० किलो, चोवीस तासांतील मूत्र २०० मिलिलिटर, डायलिसिस अद्याप सुरू नाही.

त्याला किती द्रव चालेल? ढोबळ नियम असा की आदल्या दिवशीचे मूत्र अधिक सुमारे ५०० मिलिलिटर, म्हणजे ७०० मिलिलिटर. ताप वा जुलाब असतील तर काही अधिक. शिरेतून जाणारी औषधे आणि नळी धुण्यासाठी प्रत्येक वेळी लागणारे २० ते ३० मिलिलिटर पाणीही यातच मोजायचे.

त्याला ऊर्जा किती हवी? किलोमागे २५ धरली तर १,५०० कॅलरी. प्रथिने ४८ ते ६० ग्रॅम.

आता आपली पेज घ्या. शार्ङ्गधराने मंडासाठी चौदापट पाणी सांगितले आहे. १०० ग्रॅम तांदळापासून, मग तो चिन्नोर असो वा अन्य कोणता, सुमारे ३५० कॅलरी मिळतात. सर्व शीत नळीतून गेली असे गृहीत धरले तरी त्या सुमारे १,४०० मिलिलिटर पाण्यात विखुरलेल्या असतील. गाळून घेतलेल्या मंडात त्याहूनही कमी. म्हणजे १,५०० कॅलरी पेजेतून द्यायच्या तर सहा लिटर पेज लागेल, आणि परवानगी आहे सातशे मिलिलिटरची. डाळीच्या वरच्या पाण्यातही प्रथिने नाममात्र असतात.

यासाठी रुग्णालयात घट्ट ऊर्जेचे मिश्रण वापरतात. साधारण मिश्रणाच्या एका मिलिलिटरमध्ये एक कॅलरी असते, मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठीच्या मिश्रणात दोनपर्यंत. असे ७५० मिलिलिटर मिश्रण दिले तर १,५०० कॅलरी पुऱ्या होतात, आणि त्यातील प्रत्यक्ष पाणी सुमारे सत्तर टक्केच असते. तरीही हिशोब काठोकाठच बसतो. त्यात आणखी औषधांचे द्रव आले की जागा उरत नाही. अशा वेळी डायलिसिस करून पाणी काढावे लागते. डायलिसिस केवळ विष काढते असे नव्हे, रुग्णाच्या अन्नासाठी जागाही करते, हे नातेवाइकांना समजावून सांगावे. डायलिसिस लागले म्हणजे सर्व संपले, या भीतीने लोक ते नाकारतात. तीव्र मूत्रपिंडघातातून अनेक रुग्ण पुन्हा सावरतात व त्यांचे डायलिसिस सुटते, हे सांगणारा विश्वासाचा माणूस त्यांना वैद्यच असतो.

या हिशोबात घरून आणलेला एक पेला रस किंवा काढा बसवून पाहावा. १५० मिलिलिटर काढा म्हणजे त्या दिवसाच्या द्रवाचा पाचवा हिस्सा, आणि त्यातून पोषण जवळजवळ काहीच नाही.

नळीत काय जाऊ नये

द्रवाहूनही मोठे भय पोटॅशियमचे. रक्तातील त्याचे प्रमाण सामान्यतः ३.५ ते ५ असते. ते साडेसहाच्या पुढे गेले की हृदयाची गती कोणत्याही क्षणी बिघडू शकते. मूत्र बंद असताना पोटॅशियम बाहेर टाकण्याचा मुख्य मार्गच बंद असतो. म्हणून पुढील द्रव्यांकडे आम्ही वाचकांचे विशेष लक्ष वेधतो.

१) नारळपाणी : १०० मिलिलिटरमध्ये सुमारे २५० मिलिग्रॅम पोटॅशियम. एका शहाळ्यात सहजच सहाशे-सातशे मिलिग्रॅम. रक्तातील पोटॅशियम वाढलेल्या रुग्णाला दिवसाला साधारणपणे दोन ग्रॅमच्या आत ठेवतात. संत्र्या-मोसंब्याचा रस, टोमॅटोचे सार, केळे व पालेभाज्यांचा रस यांनाही हाच आक्षेप. विदर्भात रुग्णाच्या भेटीला जाताना संत्री नेण्याची रीत आहे, म्हणून हे आवर्जून सांगावे लागते.

२) श्वेतपर्पटी : लघवी होत नाही म्हटले की आपल्यापैकी अनेकांचा हात या बरणीकडे जातो. तिचा मुख्य घटक कलमी शोरा, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. त्याच्या वजनाचा ३८ ते ३९ टक्के भाग निव्वळ पोटॅशियम. सोळा भाग शोरा, दोन भाग तुरटी, एक भाग नवसागर या रूढ प्रमाणाने बनविलेल्या पर्पटीच्या दोन ग्रॅममध्ये सुमारे साडेसहाशे मिलिग्रॅम पोटॅशियम असते. तुरटीतील अ‍ॅल्युमिनियम मूत्रपिंडांवाटेच बाहेर जाते, ते साठून राहते. नवसागर रक्तातील आम्लता वाढवितो, आणि ती या रुग्णात आधीच वाढलेली असते. मूत्रकृच्छ्रात उपयोगी पडणाऱ्या या कल्पाचे तिन्ही घटक तीव्र मूत्रपिंडघातात विरोधी ठरतात.

३) यवक्षार व अन्य क्षार : यवक्षार हा मुख्यत्वे पोटॅशियमच्या लवणांचा असतो. गोक्षुर, पुनर्नवा यांच्या काढ्यांतही पोटॅशियम उतरते.

४) कमी सोडियमचे मीठ : सूज आहे म्हणून नातेवाईक हे मीठ आणतात. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेले असते.

५) कमरख : मूत्रपिंड निकामी असलेल्यांत या फळाने न थांबणारी उचकी, भ्रम, आचके व मृत्यूही ओढवल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत.

६) रसकल्प व भस्मे : पारद व अन्य धातू बाहेर टाकण्याचे काम प्रामुख्याने मूत्रपिंडांचे. ती बंद असताना मात्रेचा नेहमीचा हिशोब लागू पडत नाही.

७) ईश्वरी, अर्थात सापसंद : सर्पदंशावर गावोगावी हिची मुळी उगाळून देतात. अ‍ॅरिस्टोलोकिया कुळातील या वनस्पतींतील अ‍ॅरिस्टोलोकिक आम्ल मूत्रपिंडांचा नाश करते. १९९३ मध्ये ब्रुसेल्स येथील डॉक्टरांनी वजन घटविण्याच्या औषधातून या कुळातील चिनी वनस्पती पोटात गेलेल्या स्त्रियांची मूत्रपिंडे निकामी झाल्याचे दाखवून दिले. जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था हे आम्ल मानवात कर्करोग उत्पन्न करणाऱ्या द्रव्यांच्या पहिल्या गटात धरते. घोणशीच्या विषाने आधीच घायाळ झालेल्या मूत्रपिंडांवर हा दुसरा घाव होय.

याखेरीज नळीच्या दृष्टीनेही काही दोष आहेत. चूर्ण नळीत बसते व ती चोंदते. गुग्गुळाचे कल्प चिकटतात. चोंदलेली नळी काढून नवी घालावी लागते, आणि ती चुकून श्वासमार्गात गेली तर प्राणावर बेतते. म्हणूनच नळी जागेवर असल्याची खात्री झाल्याखेरीज तिच्यात काहीही घालत नाहीत, आणि अन्न देताना खाटेचा डोक्याकडील भाग ३० ते ४५ अंश उचललेला ठेवतात. ज्या रुग्णालयात घरचे पातळ मिश्रण चालते तेथेही ते आहारतज्ज्ञाने लिहून दिलेल्या मापानेच करावे, स्वच्छ भांड्यात करावे, आणि बाहेरच्या उष्म्यात दोन तासांपलीकडे ठेवू नये.

बस्तीने पोषण साधेल काय?

हा प्रश्न वैद्यांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. चरकाच्या सिद्धिस्थानात यापन बस्तींचे विस्ताराने वर्णन आहे, त्यांत दूध व मांसरस वापरलेले आहेत. पाश्चात्त्य वैद्यकातही गुदमार्गाने पोषण देण्याची रीत होती. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफील्ड १८८१ मध्ये गोळी लागून अंथरुणाला खिळले तेव्हा त्यांना कित्येक दिवस असेच पोषण देण्यात आले, तरीही ते अतिशय कृश होत गेले व अखेर मरण पावले. मोठे आतडे पाणी व लवणे उत्तम शोषते, अखंड प्रथिने व स्निग्ध पदार्थ मात्र अत्यल्प. मूत्र बंद असलेल्या रुग्णाला नेमके पाणी व लवणेच नको असतात. म्हणून या तीव्र अवस्थेत यापन बस्ती हा नलिकापोषणाचा पर्याय होऊ शकत नाही. बस्तीचे अन्यत्रचे स्थान यामुळे कमी होत नाही.

औषधालय चालकांसाठी

रुग्णालयाबाहेरच्या दुकानात नातेवाईक घाईने येतो आणि किडनीच्या पेशंटचा पावडरचा डबा मागतो. येथे एक गोष्ट अवश्य ध्यानात ठेवावी. असे डबे दोन प्रकारचे असतात. एक डायलिसिसवर नसलेल्या जीर्ण रुग्णांसाठी, कमी प्रथिनांचा. दुसरा डायलिसिसवरील रुग्णांसाठी, अधिक प्रथिनांचा. दोहोंची वेष्टने पुष्कळदा सारखीच दिसतात. चिठ्ठीवर प्रकार लिहिलेला नसेल तर विचारून खात्री करूनच डबा द्यावा. व्यायामशाळेतील तरुणांसाठीची प्रथिन पावडर पर्याय म्हणून देऊ नये. किती पाण्यात किती मापे घालायची हे आहारतज्ज्ञाने लिहून दिले आहे काय, तेही विचारावे. अधिक पाणी घातले तर द्रवाचा हिशोब चुकतो, कमी घातले तर जुलाब लागतात वा नळी चोंदते.

श्वेतपर्पटी, यवक्षार व शोरा मागणाऱ्यास दोन प्रश्न विचारल्याखेरीज ते देऊ नयेत : चोवीस तासांत लघवी किती झाली, आणि क्रिअ‍ॅटिनिन तपासले आहे काय. लघवी जवळजवळ बंद असेल तर कोणतेही औषध न देता रुग्णाला रुग्णालयात पाठवावे. अंगदुखी-तापासाठी वेदनाशामक गोळ्या घेत राहणेही आटलेल्या शरीरात मूत्रपिंडांना घातक ठरते, हेही ग्राहकास सांगावे.

वैद्याने काय करावे

पहिले कर्तव्य, रुग्ण वेळेवर पाठविणे. उलट्या-जुलाबांच्या, तापाच्या वा सर्पदंशाच्या रुग्णाने सहा तासांत लघवी केली नसेल तर वाट पाहू नये.

दुसरे, रुग्णासोबत चिठ्ठी देणे. आपण कोणते कल्प, किती मात्रेत, किती दिवस दिले ते मोकळेपणाने लिहावे. रसकल्प दिले असतील तर तेही लिहावे. माहिती दडविल्याने आपली प्रतिष्ठा राखली जात नाही, रुग्णाची मात्र हानी होते. संशयित दुष्परिणाम नोंदविण्यासाठी आयुष मंत्रालयाची औषध-सतर्कता योजना आहे, तिचा उपयोग करावा.

तिसरे, दूरध्वनीवरील प्रश्नाला एकच उत्तर द्यावे : नळीतून जे द्यायचे ते तेथील डॉक्टर व आहारतज्ज्ञ यांना विचारूनच द्या, आमच्याकडून या घडीला काही पाठवीत नाही. नातेवाइकांना हे उत्तर कोरडे वाटू नये म्हणून त्यांना काम सांगावे. दिवसाला किती लघवी झाली, नळीतून किती आहार गेला, पोटॅशियम किती आले, हे त्यांनी रोज विचारून वहीत टिपावे. सेवा करण्याची त्यांची ओढ अशा उपयोगी कामी लागते.

नळी निघाल्यानंतर

येथून आपले खरे कार्य सुरू होते. सावरणाऱ्या मूत्रपिंडांतून काही दिवस मूत्र पुष्कळ येते. या अवस्थेत पाणी, सोडियम व पोटॅशियम उलट कमी पडू शकतात. आठवड्यापूर्वी जे नारळपाणी विषासमान होते तेच आता, रक्ताचा अहवाल पाहून, हितकर ठरू शकते. अवस्थेनुसार पथ्य पालटते, हे आयुर्वेदाचे तत्त्व येथे प्रत्यक्ष दिसते. मात्र अवस्था ओळखण्यासाठी नाडी व जिव्हा यांच्या जोडीला क्रिअ‍ॅटिनिन, पोटॅशियम व मूत्राचे माप लागते.

नळी काढल्यावर गिळण्याची शक्ती पारखूनच तोंडाने आहार द्यावा. अशक्त रुग्णाला पातळ पाण्याने ठसका लागतो, त्यापेक्षा विलेपीसारखा दाटसर पदार्थ पुष्कळदा सुखाने गिळता येतो. विलेपी, मुगाचे कढण, मऊ भात, अंड्याचा पांढरा भाग असा क्रम रुग्णालयाने दिलेल्या प्रथिने व पोटॅशियमच्या मर्यादेत सहज बसविता येतो. काही महिने क्रिअ‍ॅटिनिन तपासत राहावे, कारण तीव्र घातातून उठलेल्या काही रुग्णांत पुढे जीर्ण विकार जडतो. या काळात क्षारकल्प व रसकल्प तपासणीशिवाय सुरू करू नयेत.

पथ्याचे महत्त्व आपण वैद्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सांगितले. नळीतून थेंबथेंब जाणारा मोजका आहार हेही पथ्यच आहे, फक्त त्याचे माप अधिक काटेकोर आहे. येत्या रोवणीच्या आधी प्रत्येक औषधालयाने श्वेतपर्पटीच्या बरणीवर एक चिठ्ठी लावावी, अशी आमची विनंती आहे : लघवी बंद असल्यास देऊ नये. आणि प्रत्येक वैद्याने आपल्या मेजावर जवळच्या डायलिसिस केंद्राचा क्रमांक लिहून ठेवावा.